सुट्या भागांची जोडणी आणि आयात-जकात : दुचाकी वाहनांच्या धंद्यातील एक दाखला

परदेशी वाहन अखंड स्वरूपात न आणता त्याचे सुटे भाग आणावयाचे व ते बाजारपेठेच्या देशातच जोडावयाचे, ही पद्धती व्यापारात जुनी आहे. वरवर पाहता हा द्राविडी प्राणायाम वाटतो. कारण मूळ कारखान्यात सहज जोडता येणाऱ्या यंत्राचे भाग पेट्यांतून समुद्रापार न्यावयाचे आणि तेथे निराळे कामगार नेमावयाचे, यात खर्च वाढतो. मग कारखानदार हा खटाटोप का करतो? आणि ज्या देशात ही जोडणी होते त्यास त्यापासून काय मिळते? या दोन प्रश्नांचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

पहिल्या प्रश्नाचे उत्तर जकातीच्या दरांत आहे. भारताच्या २०२५ च्या अर्थसंकल्पात, १,६०० घन सेंटिमीटरपर्यंतच्या अखंड मोटारसायकलीवरील मूळ आयात-शुल्क ५० टक्क्यांवरून ४० टक्क्यांवर आणण्यात आले. इंजिन किंवा गियरपेटी आधीच जुळविलेली असेल अशा संचावर २० टक्के, तर पूर्णपणे सुट्या संचावर १० टक्के दर ठरला. हिशेबाच्या सोयीसाठी एक कल्पित उदाहरण घेऊ. वाहन व संच या दोहोंचे मूल्य एक लाख रुपये धरल्यास, अन्य कर सोडून, पहिल्यावर ४०,००० व दुसऱ्यावर १०,००० रुपये शुल्क पडेल. म्हणजे बचत ३०,००० रुपयांची. जोडणीचा खर्च प्रत्येक वाहनामागे ५,००० रुपये आणि कारखान्याचा वार्षिक स्थिर खर्च ५ कोटी रुपये असेल, तर वर्षास किमान २,००० वाहने खपल्यावाचून हा व्यवहार परवडणार नाही. तेव्हा दरांतील अंतर आणि खप या दोहोंचा मेळ बसावा लागतो. हार्ले-डेव्हिडसनने २०११ मध्ये हरियाणातील बावल येथे जोडणी सुरू केली. तथापि खप मर्यादितच राहिला आणि २०२० मध्ये तो कारखाना बंद करण्याचा निर्णय झाला.

दुसरा प्रश्न अधिक महत्त्वाचा होय. जनरल मोटर्सने १९२८ मध्ये मुंबईत मोटारींची जोडणी सुरू केली. पंचवीस वर्षांनंतरही तेथील काम मुख्यतः जोडणीचेच होते. १९५३ मध्ये जकात आयोगाने अशी शिफारस केली, की ज्यांच्यापाशी देशात उत्पादन करण्याची क्रमवार योजना असेल त्यांनाच हा धंदा करू द्यावा. सरकारने ती मान्य केली आणि १९५४ मध्ये जनरल मोटर्सने आपले काम आवरते घेतले.

याच्या उलट उदाहरण मद्रासचे. तेथे १९५५ मध्ये स्थापन झालेल्या एन्फील्ड इंडियाने इंग्लंडातील रेडिच येथून आलेल्या भागांच्या जोडणीने आरंभ केला व १९६२ पर्यंत सर्व भाग येथेच बनू लागले. पुढे मूळ इंग्रजी कारखाना बंद पडला. मद्रासचा मात्र टिकून राहिला.

महाराष्ट्रातील बजाजचा इतिहासही असाच बोधप्रद आहे. १९४५ मध्ये स्थापन झालेली बच्छराज ट्रेडिंग कॉर्पोरेशन १९४८ पासून आयात वाहने विकीत असे. १९५९ मध्ये तिला उत्पादनाचा परवाना मिळाला व इटलीच्या पियाजिओच्या सहकार्याने व्हेस्पा स्कूटर येथे तयार होऊ लागली. १९७१ मध्ये तो करार संपला, तेव्हा धंदा बुडाला नाही. पुढील वर्षी 'चेतक' बाजारात आली. मधल्या काळात आकुर्डीचे कारागीर व भाग पुरविणारे लहान कारखानदार तयार झाले होते, हे त्याचे कारण.

आज चक्र उलटे फिरले आहे. २०२४ च्या जूनमध्ये बजाजने ब्राझीलमधील मानाउस येथे वार्षिक २०,००० मोटारसायकलींच्या क्षमतेचा कारखाना उघडला. मानाउसच्या मुक्त क्षेत्रात करांची सवलत मिळते खरी. पण उत्पादनातील ठरावीक क्रिया तेथेच केल्या पाहिजेत, अशी ब्राझील सरकारची अट असते. १९५३ मध्ये आपण परक्यांपुढे जी मागणी ठेवली, तिच्याच जातीची मागणी आता आपल्या कारखानदारापुढे आहे.

यावरून एक निष्कर्ष काढता येतो. जकातीतील अंतर जोडणीस देशात आणते, परंतु तिचे कारखानदारीत रूपांतर करीत नाही. त्यासाठी उत्पादनाची मुदतबद्ध अट आणि ती पुरी करू शकणारा कारागीरवर्ग, दोन्ही असावी लागतात. केवळ जकातीचे दर पाहून औद्योगिक धोरणाचे मूल्यमापन करणाऱ्या अभ्यासकाने हा भेद दृष्टीआड करू नये.