भारतीय फुटबॉलची घसरण : प्रशिक्षक बदलले, व्यवस्था तीच

गोव्यातील फातोर्डा येथील नेहरू स्टेडियमवर १४ ऑक्टोबर २०२५ रोजी भारत आणि सिंगापूर यांच्यात आशियाई चषकाच्या पात्रता फेरीचा सामना झाला. लालियानझुआला छांगते याने १४ व्या मिनिटाला गोल करून भारताला आघाडी मिळवून दिली. मात्र मध्यंतरापूर्वी सिंगापूरच्या सोंग उइ-यंगने बरोबरी साधली आणि उत्तरार्धात आणखी एक गोल करून आपल्या संघाला २-१ असा विजय मिळवून दिला. या पराभवाबरोबर सौदी अरेबियात २०२७ मध्ये होणाऱ्या आशियाई चषकात खेळण्याचे भारताचे स्वप्न संपुष्टात आले.

या गटात भारत, हाँगकाँग, सिंगापूर आणि बांगलादेश असे चार संघ होते. जागतिक क्रमवारीत त्यांतील सर्वात वरचा संघ भारताचाच होता. आशियाई चषकाची मुख्य स्पर्धा २०१९ पासून २४ संघांची झाली आहे. म्हणजे आशियातील जवळजवळ निम्म्या देशांना तिथे स्थान मिळते. त्या निम्म्यांतही आपण नाही, ही बाब फुटबॉलप्रेमींच्या जिव्हारी लागली. त्यानंतर १८ नोव्हेंबर २०२५ रोजी ढाक्यात बांगलादेशने भारताला १-० असे हरवले. बांगलादेशकडून भारताचा हा २००३ नंतरचा पहिला पराभव होता. फिफाच्या क्रमवारीत जुलै २०२३ मध्ये ९९ व्या स्थानी असलेला भारत या पराभवानंतर १४२ व्या स्थानापर्यंत घसरला.

अवघ्या सव्वादोन वर्षांत एवढी पडझड का झाली? प्रत्येक पराभवानंतर बोट प्रशिक्षकाकडे दाखवले जाते. परंतु या काळातील घटनाक्रम पाहिला तर दुखणे मैदानाबाहेर अधिक खोलवर असल्याचे दिसून येते.

दोन वर्षांत तीन प्रशिक्षक

क्रोएशियाचे माजी खेळाडू इगोर स्टिमॅक यांनी मे २०१९ मध्ये भारतीय संघाची सूत्रे हाती घेतली. त्यांच्या कारकिर्दीत २०२३ चे वर्ष विशेष यशाचे ठरले. भुवनेश्वर येथे आंतरखंडीय चषक आणि बंगळुरू येथे सॅफ अजिंक्यपद भारताने जिंकले. नोव्हेंबरमध्ये कुवेतला त्यांच्याच देशात १-० असे नमवून विश्वचषकाच्या पात्रता फेरीतही चांगली सुरुवात केली. मात्र २०२३ मधील तिन्ही विजेतेपदे मायदेशातील मैदानांवर मिळाली होती, याकडे फारसे कोणी लक्ष दिले नाही.

जानेवारी २०२४ मध्ये कतार येथे झालेल्या आशियाई चषकात वस्तुस्थिती उघड झाली. ऑस्ट्रेलिया, उझबेकिस्तान आणि सीरिया या तिन्ही संघांकडून भारत पराभूत झाला आणि संपूर्ण स्पर्धेत त्याला एकही गोल करता आला नाही. मार्चमध्ये गुवाहाटी येथे अफगाणिस्तानने भारताला २-१ असे हरवले. जूनमध्ये दोहा येथे कतारविरुद्धचा सामनाही भारताने गमावला. त्या सामन्यात कतारच्या पहिल्या गोलापूर्वी चेंडू रेषेबाहेर गेला होता, हा भारताचा आक्षेप रास्त होता. पण केवळ एका निर्णयामुळे भारताचे आव्हान संपले, असे म्हणता येणार नाही. काही दिवसांतच स्टिमॅक यांना पदमुक्त करण्यात आले. त्यांचा करार २०२६ पर्यंत वाढवून दिलेला असल्याने महासंघाला भरपाईचा प्रश्नही सोडवावा लागला.

त्यांच्या जागी स्पेनचे मानोलो मार्केझ आले. ते त्याच वेळी एफसी गोवा या क्लबचेही प्रशिक्षक होते आणि पहिल्या हंगामात दोन्ही जबाबदाऱ्या सांभाळतील, असे महासंघाने मान्य केले होते. राष्ट्रीय संघाला पूर्णवेळ प्रशिक्षक असू नये, हा निर्णय त्या वेळीही अनेकांना खटकला होता. २०२४ या संपूर्ण वर्षात भारताने ११ सामने खेळले. त्यांपैकी एकही जिंकला नाही. सहा गमावले, पाच बरोबरीत सुटले आणि एकूण केवळ चार गोल झाले. जून २०२५ मध्ये हाँगकाँगकडून अखेरच्या क्षणी पेनल्टीवर पराभव झाल्यानंतर मार्केझ यांनीही निरोप घेतला.

ऑगस्ट २०२५ मध्ये खालिद जमील यांची नियुक्ती झाली. मुंबईच्या फुटबॉलमध्ये खेळाडू आणि प्रशिक्षक म्हणून दीर्घ काळ वावरलेल्या जमील यांनी २०१७ मध्ये ऐझॉलसारख्या छोट्या क्लबला आय-लीगचे विजेतेपद मिळवून दिले होते. १३ वर्षांनंतर राष्ट्रीय संघाला भारतीय प्रशिक्षक लाभला, याचे सर्वत्र स्वागत झाले. मध्य आशियाई संघटनेच्या नेशन्स चषकात ताजिकिस्तानवर विजय आणि ओमानला पेनल्टींवर हरवून तिसरे स्थान, अशी त्यांची सुरुवातही आश्वासक होती. परंतु आशियाई चषकाच्या पात्रता फेरीत गाडी पुन्हा मूळ पदावर आली.

गोल करणार कोण?

या अपयशामागील सर्वात ठळक तांत्रिक कारण म्हणजे गोल करणाऱ्या खेळाडूचा अभाव. सुनील छेत्री जून २०२४ मध्ये ९४ आंतरराष्ट्रीय गोल करून निवृत्त झाला. मार्च २०२५ मध्ये, वयाच्या ४० व्या वर्षी, त्याला निवृत्ती मागे घेऊन परत यावे लागले. शिलाँग येथे मालदीवविरुद्ध त्याने गोल केला आणि भारताने सुमारे १६ महिन्यांनंतर पहिला विजय मिळवला. छेत्रीची जिद्द निःसंशय वंदनीय आहे. परंतु चाळिशीतील खेळाडूला परत बोलवावे लागते, याचा अर्थ दोन दशकांत त्याचा वारसदार आपण घडवू शकलो नाही, असाच होतो.

याचे मूळ देशांतर्गत स्पर्धांत आहे. इंडियन सुपर लीगमध्ये एका संघाला एका वेळी चार परदेशी खेळाडू मैदानात उतरवता येत होते. क्लबांना तातडीने विजय हवे असतात, त्यामुळे मध्य आघाडीची जागा साहजिकच परदेशी खेळाडूंकडे जाते आणि भारतीय आघाडीपटूला बगलेवर किंवा राखीव खेळाडूंच्या बाकावर बसावे लागते. २०१४ पासून २०२५ पर्यंतच्या ११ हंगामांत सर्वाधिक गोलांचा पुरस्कार एकाही भारतीयाला मिळालेला नाही. जो खेळाडू आपल्या क्लबमध्ये ती जागा कधी सांभाळतच नाही, त्याने देशासाठी तिथे गोल करावेत, ही अपेक्षा कितपत रास्त आहे?

युवा खेळाडूंच्या बाबतीतही सातत्य राहिले नाही. २०१० मध्ये सुरू झालेला 'इंडियन ॲरोज' हा होतकरू खेळाडूंचा संघ वरिष्ठ स्पर्धेत खेळवला जात असे आणि त्यातून राष्ट्रीय संघाला अनेक खेळाडू मिळाले. २०२२ मध्ये तो बंद करण्यात आला. पुढील वर्षी फिफाच्या सहकार्याने भुवनेश्वर येथे अकादमी सुरू झाली, ही चांगली गोष्ट आहे. पण तिची फळे मिळण्यास वेळ लागणार आहे.

न्यायालयात अडकलेला खेळ

प्रशासनाची कथा याहून क्लेशकारक आहे. अखिल भारतीय फुटबॉल महासंघाचे अध्यक्ष प्रफुल्ल पटेल यांची निवडणूक दिल्ली उच्च न्यायालयाने २०१७ मध्ये रद्द ठरवली. सर्वोच्च न्यायालयाने त्या निर्णयाला स्थगिती देऊन महासंघासाठी नवी घटना तयार करण्याचे आदेश दिले. ती घटना लांबत गेली. डिसेंबर २०२० मध्ये मुदत संपल्यानंतरही जुनी कार्यकारिणी कायम राहिली आणि मे २०२२ मध्ये न्यायालयाने प्रशासकांची समिती नेमली. त्यावर, बाह्य हस्तक्षेप होत असल्याच्या कारणावरून फिफाने ऑगस्ट २०२२ मध्ये भारताला निलंबित केले. सुमारे ११ दिवसांनी निलंबन उठले आणि सप्टेंबरमध्ये माजी गोलरक्षक कल्याण चौबे यांनी भाईचुंग भुतिया यांचा ३३ विरुद्ध १ मतांनी पराभव करून अध्यक्षपद मिळवले. एक माजी खेळाडू सर्वोच्च पदी बसल्याने परिस्थिती पालटेल, अशी आशा होती. घटनेला अंतिम मान्यता मात्र सप्टेंबर २०२५ मध्ये, म्हणजे तब्बल आठ वर्षांनी मिळाली.

या विलंबाची झळ थेट मैदानाला बसली. महासंघाने २०१० मध्ये व्यापारी भागीदाराबरोबर १५ वर्षांचा करार केला होता. त्यानुसार महासंघाला दरवर्षी सुमारे ५० कोटी रुपये मिळत आणि सुपर लीगचे संचालन भागीदार कंपनी करीत असे. हा करार डिसेंबर २०२५ मध्ये संपणार, हे १५ वर्षे ठाऊक होते. तरीही घटनेचा वाद न्यायप्रविष्ट असल्याने नवा करार वेळेत झाला नाही. जुलै २०२५ मध्ये नवा हंगाम स्थगित करण्यात आला. काही क्लबांनी सराव थांबवला, काहींनी वेतन रोखले. नोव्हेंबरमध्ये व्यापारी हक्कांसाठी मागवलेल्या निविदेला एकाही कंपनीने प्रतिसाद दिला नाही. जानेवारी २०२६ मध्ये खेळाडूंनी चित्रफितीद्वारे थेट फिफाला साकडे घातले. त्यानंतर केंद्रीय क्रीडामंत्र्यांनी १४ फेब्रुवारीपासून स्पर्धा घेण्याची घोषणा केली. अर्थात कमी सामन्यांच्या, आखूड स्वरूपात.

सिंगापूर आणि बांगलादेशविरुद्धचे निर्णायक सामने याच काळात झाले, हे लक्षात घ्यावयास हवे. ज्या खेळाडूंना आपल्या क्लबचा पुढचा सामना कधी होईल आणि पुढचे वेतन मिळेल की नाही, हे ठाऊक नव्हते, त्यांना देशासाठी ९० मिनिटे धावायचे होते. राष्ट्रीय शिबिरासाठी खेळाडू सोडण्यावरूनही क्लब आणि महासंघ यांच्यात मतभेद झाले.

लोकसंख्येचा आधार

१४० कोटींच्या देशाला ११ खेळाडू मिळत नाहीत का, हा प्रश्न नेहमी विचारला जातो. पण लोकसंख्येतून संघ आपोआप उभा राहत नाही. सुमारे पाच लाख लोकवस्तीचा केप व्हर्डे आणि त्याहून लहान कुरासाव हे देश २०२६ च्या विश्वचषकासाठी पात्र ठरले. उझबेकिस्तानचे उदाहरण तर आपल्यासाठी अधिक बोलके आहे. या देशाने आधी वयोगटांतील संघांवर मेहनत घेतली. २०२३ मध्ये २० वर्षांखालील आणि २०२५ मध्ये १७ वर्षांखालील आशियाई विजेतेपद पटकावले आणि वरिष्ठ संघ प्रथमच विश्वचषकात पोहोचला.

भारतालाही असा काळ अपरिचित नाही. सय्यद अब्दुल रहीम यांच्या मार्गदर्शनाखाली भारताने १९५१ आणि १९६२ च्या आशियाई क्रीडा स्पर्धांत सुवर्णपदके मिळवली आणि १९५६ च्या मेलबर्न ऑलिंपिकमध्ये चौथे स्थान पटकावले. मुंबईकर नेव्हिल डिसूझा यांनी त्या स्पर्धेत ऑस्ट्रेलियाविरुद्ध तीन गोल केले होते. दशकाहून अधिक काळ एकच प्रशिक्षक आणि एकच दिशा, हे त्या यशाचे गमक होते.

आशेची जागा

सारेच चित्र अंधारलेले नाही. जुलै २०२५ मध्ये महिला संघाने थायलंडला २-१ असे हरवून प्रथमच पात्रता फेरीतून आशियाई चषकात प्रवेश मिळवला. नोव्हेंबर २०२५ मध्ये अहमदाबाद येथे १७ वर्षांखालील मुलांनी इराणसारख्या बलाढ्य संघाला नमवून आपल्या वयोगटाच्या आशियाई चषकाचे तिकीट मिळवले. गुणवत्तेची कमतरता नाही, हे यातून सिद्ध होते. प्रश्न आहे तो ही मुले विशीत पोहोचतील तेव्हा त्यांना खेळण्यासाठी पूर्ण लांबीचा हंगाम, नियमित वेतन आणि क्लबच्या संघात हक्काची जागा मिळेल का, हा.

जून २०१८ मध्ये मुंबईतील अंधेरीच्या मैदानावर चिनी तैपेईविरुद्धच्या सामन्याला जेमतेम अडीच हजार प्रेक्षक आले होते. आम्हाला नावे ठेवा, पण मैदानावर येऊन ठेवा, अशा आशयाचे आवाहन छेत्रीने केले आणि पुढच्या सामन्याची सर्व तिकिटे विकली गेली. प्रेक्षकांनी आपले काम तेव्हाच केले होते. आता पाळी महासंघाची आहे. नवी घटना हाती आली आहे. न्यायालयाचे कारण पुढे करण्याची सोय यापुढे राहिलेली नाही. पुढच्या पराभवानंतर पुन्हा एखादा प्रशिक्षक बदलला जाईलही, परंतु हंगामाचे वेळापत्रक, युवा स्पर्धा आणि भारतीय आघाडीपटूंना संधी या तीन गोष्टी जोवर बदलत नाहीत, तोवर निकाल बदलण्याची अपेक्षा करणे व्यर्थ ठरेल.