हौशी रेडिओ मंडळ आणि महाविद्यालयीन शिक्षण : पाटण खोऱ्याच्या संदर्भात

प्रस्तावना

कोयना व केरा या नद्यांच्या संगमावर वसलेले पाटण हे सातारा जिल्ह्यातील तालुक्याचे ठिकाण होय. तालुक्याचा मोठा भाग डोंगरउतारावरील लहान गावांचा व वाड्यावस्त्यांचा आहे. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयनानगर परिसरात झालेल्या ६.३ रिश्टर तीव्रतेच्या भूकंपात पावणेदोनशेहून अधिक माणसे मृत्युमुखी पडली. जुलै २०२१ च्या अतिवृष्टीत याच तालुक्यातील आंबेघर, मिरगाव व ढोकावळे येथे दरडी कोसळून मोठी जीवितहानी झाली आणि रस्ते बंद पडल्याने मदत पथकांना पोहोचण्यास विलंब लागला. अशा प्रदेशात संपर्काचे पर्यायी साधन हा केवळ छंदाचा विषय उरत नाही. हौशी रेडिओ मंडळातून विद्यार्थ्यांना कोणते शिक्षण मिळू शकते आणि आपत्तीच्या काळात त्याचा उपयोग कसा होतो, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

हौशी रेडिओचे स्वरूप

हौशी रेडिओ, म्हणजेच बोलीतला हॅम रेडिओ, ही परवानाधारक व्यक्तींनी आर्थिक लाभाचा हेतू न ठेवता स्वयंशिक्षण, परस्परसंपर्क व तांत्रिक प्रयोग यांसाठी चालविलेली बिनतारी सेवा आहे. १८ एप्रिल १९२५ रोजी पॅरिस येथे आंतरराष्ट्रीय हौशी रेडिओ संघाची स्थापना झाली. त्या स्मरणार्थ १८ एप्रिल हा दिवस जगभर हौशी रेडिओ दिन म्हणून पाळला जातो. भारतात केंद्र शासनाच्या दूरसंचार विभागाची वायरलेस नियोजन व समन्वय शाखा या सेवेचे नियमन करते. १९७८ च्या नियमावलीने किमान वयाची अट १२ वर्षे ठेवली होती. परीक्षेत रेडिओचे तत्त्व व प्रात्यक्षिक ज्ञान आणि नियमांची माहिती असे दोन भाग असतात. व्यापारी संदेश पाठविण्यास व गुप्त सांकेतिक भाषा वापरण्यास या सेवेत मनाई आहे. प्रक्षेपणासाठी परवाना अनिवार्य असल्याने मंडळाचे पहिले काम परीक्षेची तयारी करून घेणे हेच ठरते.

मंडळातील अध्ययनाच्या संधी

परवाना हाती येण्यापूर्वीही बरेच शिकता येते. मोर्स संकेतांचा सराव साध्या बटणावर व भोंग्यावर होतो. अँटेना बांधण्यासाठी तांब्याची तार, विद्युतरोधक आणि मोजपट्टी पुरते. अर्धतरंग द्विध्रुवी अँटेनेची मीटरमधील लांबी १४३ या संख्येस मेगाहर्ट्‌झमधील वारंवारतेने भागून काढतात. ७.१ मेगाहर्ट्‌झसाठी ती सुमारे २० मीटर, तर १४५ मेगाहर्ट्‌झसाठी जेमतेम एक मीटर येते. पुस्तकातील तरंगलांबी येथे तारेच्या लांबीच्या रूपाने विद्यार्थ्याच्या हातात येते.

पाटणची भूरचना ही तर प्रयोगशाळाच आहे. १४५ मेगाहर्ट्‌झच्या लहरी बहुतांशी सरळ रेषेत जातात. त्यामुळे हातातील लहान संच दातेगडासारख्या उंच ठिकाणी दूरवर पोहोचतो. दरीत मात्र मधल्या डोंगरामुळे शेजारच्या खोऱ्यातही ऐकू जात नाही. याउलट ७ मेगाहर्ट्‌झच्या लहरी आडव्या व कमी उंचीवर बांधलेल्या तारेतून जवळजवळ सरळ वर जातात, आयनांबरावरून परावर्तित होतात आणि काहीशे किलोमीटरच्या परिघात खाली उतरतात. डोंगर त्यांच्या वाटेत येतच नाही. रात्री आयनांबराची घनता घटली की जवळची केंद्रे अनेकदा ऐकू येईनाशी होतात व दूरची ऐकू येऊ लागतात. वर्षभर ठेवलेल्या नोंदवहीतून विद्यार्थी हा फरक स्वतः पडताळू शकतो. भूगोलाच्या विद्यार्थ्यास समोच्चरेषांचा नकाशा वाचण्याचे आणि पदार्थविज्ञानाच्या विद्यार्थ्यास तरंगप्रसारणाचे प्रत्यक्ष कारण यातून मिळते.

उपग्रहांचे संदेश ऐकणे हा पुढचा टप्पा होय. सुमारे ४०० किलोमीटर उंचीवरील आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानक एका फेरीत साधारण दहा मिनिटे आपल्या क्षितिजावर असते. १४५.८ मेगाहर्ट्‌झवरील त्याच्या संदेशाची वारंवारता येताना सुमारे साडेतीन किलोहर्ट्‌झने अधिक व जाताना तितकीच कमी भासते. डॉप्लर परिणामाचे याहून बोलके उदाहरण वर्गात देणे कठीण आहे. इस्रोने ५ मे २००५ रोजी सोडलेल्या हॅमसॅट या उपग्रहाने २०१४ पर्यंत हौशी रेडिओधारकांची सेवा केली. पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयातील विद्यार्थ्यांनी घडविलेला सुमारे एक किलोग्रॅम वजनाचा 'स्वयम्' हा उपग्रह २२ जून २०१६ रोजी अवकाशात गेला. हौशी रेडिओद्वारे संदेशांची देवाणघेवाण हा त्याच्या उद्दिष्टांपैकी एक होता.

आपत्ती आणि पूर्वतयारी

मोबाईलचा मनोरा वीज, बॅटरी व जोडणीच्या तारा यांवर अवलंबून असतो; यांतील एक दुवा तुटला तरी परिसर मुका होतो. हौशी रेडिओचा संच मोटारीच्या बॅटरीवर चालतो आणि दोन केंद्रांमध्ये तिसऱ्या यंत्रणेची गरज नसते. २००१ च्या भूज भूकंपात हौशी रेडिओधारकांनी संपर्काचे काम केले. डिसेंबर २००४ मध्ये हैदराबादच्या नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ अमॅच्युअर रेडिओ या संस्थेच्या भारती प्रसाद आपल्या सहकाऱ्यांसह पोर्ट ब्लेअर येथून हौशी प्रक्षेपण करीत होत्या. २६ डिसेंबरला त्सुनामी आली आणि त्यांचे केंद्र आपत्कालीन संपर्काचे केंद्र बनले. संच, अँटेना व माणसे आधीपासून कार्यरत असल्यानेच हे शक्य झाले.

यातील बोध महत्त्वाचा आहे. आपत्तीनंतर संच विकत घेता येतो. तो चालविणारी माणसे मात्र तेव्हा तयार करता येत नाहीत. संदेश थोडक्यात लिहिणे, वेळ व ठिकाण अचूक सांगणे, गावाचे नाव 'अल्फा, ब्राव्हो, चार्ली' या पद्धतीने अक्षरशः उच्चारणे, दुसऱ्याचे बोलणे पूर्ण होईपर्यंत थांबणे आणि ऐकलेले पुन्हा वाचून दाखविणे ही कौशल्ये साप्ताहिक सरावानेच अंगी बाणतात. मंडळाच्या ठरावीक वेळेच्या बैठकांचे, संदेशवहनाच्या स्पर्धांचे व लपविलेले प्रक्षेपक शोधण्याच्या खेळाचे मोल यात आहे.

निष्कर्ष

हौशी रेडिओ दरड थांबवू शकत नाही. दरड कोसळल्याची वार्ता मात्र वेळेत पोहोचवू शकतो. त्यासाठी कपाटात बंद असलेला संच निरुपयोगी आहे. पदवीची तीन-चार वर्षे संपताच विद्यार्थी बाहेर पडतो, म्हणून दरवर्षी नवी तुकडी घडविणारा आणि परवाना घेतलेला किमान एक प्राध्यापक हा अशा मंडळाचा खरा आधार ठरतो. पदार्थविज्ञान, इलेक्ट्रॉनिक्स, भूगोल व भाषा या विभागांनी, तसेच राष्ट्रीय सेवा योजनेने एकत्र येऊन हे काम हाती घेतल्यास शिक्षण आणि समाजसेवा यांचा मेळ साधेल. गावी परतणारा प्रत्येक परवानाधारक विद्यार्थी त्या गावाचा बाहेरच्या जगाशी एक स्वतंत्र दुवा होऊ शकेल.