वाशिष्ठी खोऱ्यातील पूरइशारा : पोफळी ते गोवळकोट

वाशिष्ठीला पूर येतो तो तीन पाण्यांनी. एक सह्याद्रीवर कोसळणाऱ्या पावसाचे. तिवरे, कुंभार्ली, पोफळीच्या डोंगरांतून ते पऱ्यांवाटे उतरते. दुसरे समुद्राचे, दाभोळच्या खाडीतून आत आलेली भरती गोवळकोटपर्यंत पोचते आणि वरून आलेल्या पुराचा निचरा अडवून धरते. तिसरे मुळात या खोऱ्याचे नाहीच. कोयना ही पूर्ववाहिनी नदी. शिवाजीसागरातले तिचे पाणी बोगद्यांतून सह्याद्रीच्या पश्चिमेला आणून वीज केली जाते. 1962 पासून पोफळीच्या भूमिगत वीजगृहातून बाहेर पडणारे आणि पुढे याच वीजप्रकल्पाच्या चौथ्या टप्प्याचेही पाणी कोळकेवाडीच्या जलाशयात येते. तिथून अलोऱ्याच्या तिसऱ्या टप्प्यातून ते वाशिष्ठीत जाते. चिपळूणकर त्याला अवजल म्हणतात. कृष्णा पाणीवाटपाच्या निवाड्यानुसार असे 67.5 टीएमसी पाणी वर्षाला पश्चिमेकडे वळवता येते.

पावसाचा अंदाज हवामान खाते देते, भरतीचे कोष्टक वर्षभर आधी छापलेले असते आणि अवजलाचा निर्णय जलसंपदा व महानिर्मितीच्या हाती असतो. तिघांची माहिती आपापल्या जागी बरोबर असूनही चिपळूणच्या बाजारपेठेला हवे असलेले उत्तर तिच्यातून आपोआप मिळत नाही. दुकानदाराला पावसाचे मिलिमीटर नको असतात. माझ्या ओट्यावर पाणी किती वाजता आणि किती चढेल, एवढेच त्याला कळायला हवे असते.

22 जुलै 2021 रोजी हा फरक जीवघेणा ठरला. कोकणासाठी अतिमुसळधार पावसाचा इशारा दिला गेला होता. आषाढी पौर्णिमा एक-दोन दिवसांवर आलेली, त्यामुळे समुद्राला उधाण होते. रात्रभर पाऊस पडत राहिला आणि पहाटेपासून चिपळूण शहरात पाणी चढू लागले. सखल भागात पाण्याने पहिला मजला गाठला. वीज गेली, फोन बंद पडले. एका कोविड रुग्णालयात 8 रुग्ण दगावले. या पुरात अवजलाचा वाटा किती, यावर नागरिक आणि प्रशासन यांच्यात दीर्घ वाद झाला. प्रशासनाचा भर पावसावर होता, नागरिकांचा कोळकेवाडीतून आलेल्या पाण्यावर. इशारायंत्रणेच्या दृष्टीने मात्र वाटा थोडा की मोठा हा प्रश्न दुय्यम आहे. तीन पाण्यांपैकी माणसाच्या हातात असलेले हे एकमेव पाणी. त्याची सूचना सर्वांत नेमकी आणि सर्वांत आधी मिळायला हवी, हा खालच्या गावांचा हक्कच आहे.

पूर्वसूचना यंत्रणेचे मूल्यमापन जगभर चार अंगांनी केले जाते : धोक्याची आधीची जाण, निरीक्षण आणि अंदाज, लोकांपर्यंत निरोप पोचणे, आणि निरोप मिळाल्यावर हालचाल करण्याची तयारी. 2027 पर्यंत पृथ्वीवरच्या प्रत्येकाला इशाऱ्याचे संरक्षण मिळावे, असे उद्दिष्ट संयुक्त राष्ट्रांनी मार्च 2022 मध्ये जाहीर केले. या चौकटीची खरी कसोटी छोट्या बेटांच्या देशांत लागते. सप्टेंबर 2009 मध्ये सामोआजवळ भूकंप झाला आणि साधारण पाव तासात त्सुनामीच्या लाटा किनाऱ्याला लागल्या. त्सुनामी-सूचना केंद्राचा इशारा पोचायलाही तेवढाच वेळ लागला. जानेवारी 2022 मध्ये टोंगाजवळच्या ज्वालामुखीच्या उद्रेकाने समुद्रतळाची केबल तुटली आणि देशाचा बाहेरच्या जगाशी संपर्कच खुंटला. उलट मार्च 2015 मध्ये पाम हे अतितीव्र चक्रीवादळ वानुआतूवरून गेले, तेव्हा घरे मोठ्या प्रमाणावर पडली, पण मृतांचा आकडा वीसच्या आत राहिला. मोबाइलवर वेळेत गेलेल्या सूचना आणि निवाऱ्याला जाण्याची सवय यांचा त्यात वाटा होता.

चिपळूणची अवस्था टोंगाहून फार वेगळी नव्हती. पाणी चढताच वीज आणि मोबाइल दोन्ही गेले, म्हणजे निरोपाचा मार्गच पुराने तोडला. म्हणून इथली यंत्रणा तपासताना किती संदेश पाठवले हे मोजून भागत नाही. वीज नसताना वाजणारा भोंगा कुठे आहे, मध्यरात्री वाडीत दार कोण ठोठावणार, अंथरुणाला खिळलेल्या म्हाताऱ्यांना कोण आणि कुठे नेणार, हे पावसाळ्याआधी रंगीत तालमीत दिसले पाहिजे.

तिवऱ्याचे उदाहरण आणखी वेदनादायक आहे. 2 जुलै 2019 च्या रात्री तिथले धरण फुटले आणि वीसहून अधिक माणसे गेली. धरणाला गळती असल्याच्या तक्रारी गावकऱ्यांनी आधीच केल्या होत्या. इथे निरीक्षण लोकांनी केले, पण खालून वर जाणाऱ्या निरोपाला वाट नव्हती. यंत्रणा फक्त वरून खाली बोलत असेल, तर तिचे चौथे अंग, म्हणजे हालचालीची तयारी, कायम दुबळे राहते.

2021 नंतर वाशिष्ठी आणि शिव नदीतला गाळ मोठ्या प्रमाणावर काढला गेला आणि पूररेषांचा प्रश्न ऐरणीवर आला. निळी रेषा साधारण 25 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल रेषा 100 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. या रेषांवर बांधकामाच्या मर्यादा ठरतात, त्यामुळे त्यांना विरोधही झाला. पण धोक्याच्या जाणिवेचा पाया त्याच आहेत. कोणती गल्ली किती पातळीला बुडते, हे नकाशावर नसेल तर अंदाज कितीही अचूक असो, तो दारापर्यंत येत नाही. प्रत्येक पावसाळ्यानंतर तीन गोष्टींची नोंद जाहीर झाली तर मूल्यमापनाला आधार मिळेल : अवजल किती वाजता किती सोडले, इशारा किती वाजता निघाला आणि पाणी घरात किती वाजता शिरले. दुसऱ्या आणि तिसऱ्या वेळेतले अंतर हेच या यंत्रणेचे खरे माप.

पोफळीच्या परिसराला असलेला एक धोका मात्र या मापात बसत नाही. 11 डिसेंबर 1967 च्या पहाटे कोयनेच्या भूकंपाने कोयनानगर उद्ध्वस्त झाले, सुमारे 180 माणसे मरण पावली. मेक्सिको शहराला किनाऱ्यावरच्या भूकंपाची सूचना काही सेकंद आधी मिळते, कारण केंद्र शेकडो किलोमीटर दूर असते. कोयनेच्या भूकंपाचे केंद्र पोफळीपासून जवळच, घाटमाथ्यापलीकडे आहे. इथे तेवढेही सेकंद हाती लागत नाहीत. त्या धोक्यासाठी काम करायचे ते घरांच्या भिंती, शाळांची छपरे आणि धरणांची नियमित तपासणी यांवर.