जाऊन येते! – जपानी घरातले चार महिने

जपानहून परत आल्यावर हॉस्टेलवर प्रत्येकीने पहिला प्रश्न एकच विचारला, "अगं, तिथे खाल्लंस काय?" दुसरा प्रश्न, "भाषा कशी जमली?" दोन्हींची उत्तरं एका ओळीत देता येत नाहीत, म्हणून हा लेख. आपल्यापैकी कुणी पुढे एक्स्चेंजवर जाणार असेल तर उपयोग होईल. कुणी जाणार नसेल, तर मेसच्या लाइनीत उभं राहून वाचायला तरी बरा!

माझी राहायची सोय ओसाकाजवळच्या एका छोट्या शहरात, एका कुटुंबात होती. घरात चौघं. बाबा, आई, आठवीतला मुलगा आणि आजी. मी त्यांना ओतोसान, ओकासान आणि ओबाआसान म्हणायचं, असं पहिल्याच दिवशी ठरलं. गंमत म्हणजे ओतोसानसुद्धा स्वतःच्या बायकोला "ओकासान" म्हणजे आईच म्हणायचे. घरातल्या सगळ्यात लहान मुलाचं जे नातं, त्याच नात्याने सगळ्यांनी हाक मारायची, अशी तिथे पद्धत आहे. आपल्याकडे जुनी माणसं "बंड्याची आई" म्हणायची, त्यातलाच प्रकार.

घराची सुरुवात होते गेन्कानपासून. दारातून आत आल्यावर जी खालच्या पातळीवरची जागा असते ती गेन्कान. बूट तिथेच काढायचे, त्यांची टोकं दाराकडे वळवून ठेवायची आणि मग वरच्या पायरीवर यायचं. आत घरातल्या स्लिपर्स, संडासात तिथल्या वेगळ्या स्लिपर्स, आणि तातामीच्या म्हणजे चटईच्या खोलीत कुठल्याच स्लिपर्स नाहीत. संडासातल्या स्लिपर्स घालून मी दोनदा हॉलमध्ये आले. आठवीतला मुलगा हसून हसून लोळला.

बाहेर पडताना म्हणायचं "इत्तेकिमासु". घरात जो असेल तो म्हणतो "इत्तेराश्शाइ". परत आल्यावर "तादाइमा", त्यावर उत्तर "ओकाएरि". "इत्तेकिमासु"चा अर्थ शब्दशः "जाऊन येते". इंग्रजी मीडियममधून शिकलेल्या मला हे मराठीतूनच पटकन कळलं, इंग्रजीतून नाही! माझी आजी मला "जाते म्हणू नये, येते म्हणावं" असं लहानपणापासून सांगत आली आहे. वाक्यरचनाही तशीच. क्रियापद शेवटी आणि प्रत्यय नामाच्या मागे. "मी पाणी पिते" हे वाक्य शब्दाला शब्द ठेवून जपानीत करता येतं. तेव्हा भाषेचं उत्तर असं, की इंग्रजीत विचार करू नका, मराठीत करा.

आता माझी पहिली मोठी चूक. जपानी बाथरूममध्ये टब असतो, पण तो अंग धुवायला नसतो. टबाबाहेर छोट्या स्टुलावर बसून साबण लावून स्वच्छ आंघोळ करायची, आणि मग टबातल्या साधारण ४० अंशांच्या गरम पाण्यात नुसतं गळ्यापर्यंत बसायचं. घरातले सगळे एकामागून एक त्याच पाण्यात बसतात. पाहुण्याचा मान पहिला, म्हणून पहिल्या रात्री मला आधी पाठवलं. बाहेर येताना मला वाटलं, आपलं उष्टं पाणी दुसऱ्याला कसं ठेवायचं? म्हणून मी बूच काढलं आणि टब चकाचक धुऊन बाहेर आले!

साधारण २०० लिटर गरम पाणी गटारात गेलं. कुणी एक शब्द बोललं नाही. थोड्या वेळाने टब पुन्हा भरल्याचा आवाज तेवढा आला. खरा प्रकार मला चार दिवसांनी कळला, तोही ओबाआसानने हात धरून नेऊन दाखवलं तेव्हा. टबावर झाकण घालायचं म्हणजे पाणी गरम राहतं, आणि दुसऱ्या दिवशी तेच पाणी छोट्या पंपाने वॉशिंग मशीनमध्ये जातं. वाया घालवणं जिवावर येतं, त्याला त्यांचा शब्द आहे "मोत्ताइनाइ".

दुसरी चूक खाण्याची, आणि ती जास्त लागली. आमच्या घरी मांस-मासे कुणीच खात नाही. फॉर्मवर मी "व्हेजिटेरियन" लिहिलं होतं. ओकासानने मांस कधीच वाढलं नाही. भात, टोफू, भाज्या आणि रोज मिसोचं सूप. आठ दिवस मी ते सूप आवडीने प्यायले. नवव्या दिवशी स्वयंपाकघरात मदत करताना पाकिटावर माशाचं चित्र दिसलं. जपानी स्वयंपाकाचा पाया म्हणजे दाशी, म्हणजे एक पातळ अर्क. तो बऱ्याचदा कात्सुओबुशीचा, म्हणजे वाळवून धूर दिलेल्या माशाच्या किसाचा असतो. त्यांच्या लेखी तो "मासा" नाहीच, आपल्या फोडणीसारखी ती चव आहे. फसवणूक कुणीच केली नव्हती. मी नीट सांगितलं नव्हतं.

त्यावर मी काय करावं? गप्प बसले. दोन दिवस सूप तसंच ठेवलं, "दाइजोबु, दाइजोबु" म्हणजे ठीक आहे म्हणत राहिले, आणि रात्री बॅगेतला चिवडा खाल्ला. ओकासानला वाटलं, मला बरं नाही. तिने माझ्यासाठी ओकायु केली. ओकायु म्हणजे आपली तांदळाची पेज. ती पेज समोर आली आणि मला रडू आलं. मग डिक्शनरी घेऊन बसले आणि सगळं सांगितलं. ती मान खाली घालून माझीच माफी मागायला लागली. मला त्याहून मेल्यासारखं झालं.

दुसऱ्या दिवसापासून माझ्यासाठी वेगळी दाशी. कोम्बु नावाचं समुद्री शेवाळ आणि वाळलेले शिइताके मशरूम रात्रभर थंड पाण्यात भिजत घालायचे. बौद्ध मठांतल्या शाकाहारी स्वयंपाकात हीच दाशी वापरतात. केमिकलवाल्यांसाठी माहिती: टोकियोच्या प्रा. किकुनाए इकेदा यांनी १९०८ साली याच कोम्बुमधून ग्लुटामेट वेगळं काढलं आणि त्या चवीला "उमामी" नाव दिलं. अजिनोमोटोचा जन्म त्यातूनच.

इलेक्ट्रिकलवाल्यांसाठीही थोडं. तिथे घरात १०० व्होल्ट असतात. फ्रिक्वेन्सी टोकियोकडे ५० हर्ट्झ आणि ओसाकाकडे ६०, कारण १८९० च्या दशकात एकीकडे जर्मन जनरेटर आले आणि दुसरीकडे अमेरिकन. इथली २३० व्होल्टची १००० वॉटची किटली तिथे लावली तर जेमतेम १९० वॉट मिळतात. (वॉर्डन सर, किटली हे फक्त उदाहरण आहे.)

या दोन चुकांतून मी एवढंच शिकले, की त्या घरात बरंचसं न बोलता चालतं, कारण घरातल्यांना ते आधीच माहीत असतं. बाहेरून आलेल्याला माहीत नसतं, आणि त्याला वाईट वाटेल म्हणून कुणी सांगत नाही. तेव्हा विचारायचं काम आपलं. विचारणं म्हणजे उद्धटपणा नाही. गप्प राहून चिवडा खाणं हा जास्त उद्धटपणा. जाणाऱ्यांनी "व्हेजिटेरियन" एवढंच लिहू नये. मांस नाही, मासा नाही, माशाची दाशी नाही, असं एकेक सांगावं. तयार करीच्या वड्यांतही बऱ्याचदा प्राण्यांची चरबी असते, तेही विचारावं.

मी विचारायला लागले तशी मला कामं मिळायला लागली. प्लॅस्टिकच्या बाटलीचं झाकण आणि लेबल काढून, ती विसळून वेगळी ठेवायची. जळणारा कचरा ठरलेल्या दिवशी सकाळी कोपऱ्यावर नेऊन, कावळ्यांनी फाडू नये म्हणून जाळीखाली ठेवायचा. महिन्याभराने टब घासायची पाळीही मिळाली. आता आंघोळीचा नंबर कधी तिसरा, कधी शेवटचा. पहिला नंबर गेला त्याचा मला फार आनंद झाला. पाहुणीचा मान गेला म्हणजे मी घरातली झाले!

निघायच्या दिवशी गेन्कानमध्ये बूट घालताना "सायोनारा" तोंडात येईना. मी सवयीने म्हटलं, "इत्तेकिमासु." ओबाआसान क्षणभर थांबली आणि रोजच्यासारखीच म्हणाली, "इत्तेराश्शाइ."

म्हणजे जाऊन ये.