लाट आणि चार खांब

बीड जिल्ह्यातल्या विद्यार्थ्याने समुद्राच्या लाटांवर लिहावे, याचे कोणाला हसू येईल. आमच्याकडे पाण्याची गोष्ट निघते ती टँकरची, बोअरची, आणि फार तर गोदावरीच्या पुराची. पण माझा मावसभाऊ मुंबई हायवर वेल्डर आहे. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिलाच, म्हणून दिवाळीत त्याने मला विचारले, "तू शिकलेला ना? मग सांग, एवढ्या लाटांत आमचा प्लॅटफॉर्म चार पायांवर उभा राहतो कसा?" माझा विषय भूगोल. लाट कशी तयार होते ते पुस्तकात होते. ती खांबाला काय करते ते नव्हते. ग्रंथालय धुंडाळून आणि विज्ञान शाखेच्या सरांना त्रास देऊन जे कळले, ते वाचकांपुढे मांडतो.

मुंबईच्या पश्चिमेला सुमारे १६० किलोमीटरवर 'सागर सम्राट'ने केलेल्या खोदाईत फेब्रुवारी १९७४ मध्ये तेल लागले. १९७६ पासून तेथे उत्पादन सुरू झाले. पाणी सुमारे ७५ मीटर खोल. प्लॅटफॉर्म म्हणजे तळापासून वर आलेले पोलादी नळ्यांचे पाय, त्यांना एकमेकांशी जखडणारे आडवे-तिरपे दांडे, आणि त्यावर माणसे व यंत्रे असलेले मजले.

गोदावरीचा पूर पुलाच्या खांबाला एकाच दिशेने रेटतो. लाटेचे तसे नाही. लाट पुढे जाते, पण तिच्यातले पाणी जवळजवळ जागच्या जागी गोल फिरते. त्यामुळे खांबाला एकदा पुढे ढकल बसते आणि लगेच मागे ओढ. दहा सेकंदांची लाट धरली, तर दिवसातून ८,६४० वेळा! तार सारखी वाकवली की तुटते, हे आपण जाणतोच.

या जोराचे दोन भाग आहेत. एक पाण्याच्या वेगाचा, दुसरा तो वेग बदलत राहतो त्याचा. अमेरिकेत मॉरिसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५० मध्ये दोन्ही भाग एका सूत्रात बसवले. गंमत अशी, की दुसरा भाग सर्वांत जास्त असतो तो लाटेचे शिखर खांबावर असताना नव्हे, तर त्याच्या थोडे आधी, पाणी नुसते चढू लागलेले असते तेव्हा.

आता गुरांच्या हौदाकडे चला. त्यात ज्वारीचे धाट उभे धरा आणि दुसऱ्या टोकाला पाणी हलवा. लाट धाटाची दखलही न घेता निघून जाते. धाटाऐवजी घागर दाबून धरा. लाट अडते, उलटते, बाजूंनी वळते, आणि घागरीभोवती कड्यांसारख्या नव्या लाटा पसरतात. याला प्रकीर्णन म्हणतात. ढोबळ नियम असा, की खांबाचा व्यास तरंगलांबीच्या पाचव्या भागाहून मोठा झाला की तो जाड. मुंबई हायच्या पाण्यात दहा सेकंदांची लाट सुमारे १५५ मीटर लांब असते; तिच्या लेखी एक-दीड मीटरचा पाय म्हणजे धाटच. पण खाडीतली तीन सेकंदांची लाट १४ मीटरची. तिला तीन मीटरचा खांब घागरीसारखा आडवा येतो. म्हणजे जाड-बारीक हे ठरवते लाट.

चार खांब असले तर एकाचा जोर चारने गुणावा, असे कोणीही म्हणेल. तेवढ्याने भागत नाही. पुढच्या आणि मागच्या पायांत अर्ध्या लाटेचे अंतर असेल, तर पुढचे पाय ढकलले जातात त्याच वेळी मागचे ओढले जातात. बेरीज जवळजवळ शून्य! पण मधल्या दांड्यांचे हाल विचारू नका. दोन बैलांनी जू उलट दिशांना ओढावे तशी गत: गाडी हलत नाही, जू मोडते. अंतर पूर्ण लाटेएवढे असेल, तर सगळे पाय एकदम ढकलले जातात.

पाय जाड असले की खरी गुंतागुंत सुरू होते. उत्तर समुद्रात काही प्लॅटफॉर्मना काँक्रीटचे जाडजूड पाय आहेत. अशा एका पायावरून परतलेली कडी दुसऱ्यावर आपटतात, तिथून तिसऱ्यावर. काही ठरावीक तरंगलांब्यांना पाणी खांबांच्या मधे कोंडल्यासारखे होते. हळूहळू झिरपते, पण तेवढ्यात पुढची लाट येऊन भर घालते. झोक्याला वेळेवर दिलेला झोका तो हाच. बाहेर समुद्र नेहमीसारखा, आणि मजल्याखाली मात्र पाणी कितीतरी वर चढलेले. ते मजल्याला खालून थडकले तर वरच्या माणसांचे काय? म्हणून मजला किती उंच ठेवायचा, हा हिशेब माझ्या मते साऱ्यांत मोलाचा. मावसभावाला मी पहिल्यांदा हेच सांगितले.

१९९७ मध्ये मॅनियार आणि न्यूमन यांनी खांबांच्या लांब रांगेचे गणित मांडले. लाट रांगेच्या दिशेने आली आणि तिची लांबी दोन खांबांतल्या अंतराच्या साधारण दुप्पट असली, तर मधल्या खांबांवर एकट्या खांबाच्या कितीतरी पट जोर येऊ शकतो. मार पहिल्या खांबाला सर्वांत जास्त बसेल, ही आपली समजूत इथे लागू पडत नाही.

गणिताबरोबर प्रतिकृतीही करून पाहतात. १९१६ साली सुरू झालेली, खडकवासल्याची केंद्रीय जल आणि विद्युत संशोधन संस्था लाटांच्या अशाच कुंडांसाठी ओळखली जाते. प्रतिकृती शंभरपट लहान केली, तर दहा सेकंदांची लाट एका सेकंदाची करावी लागते. कारण लांबी शंभराने कमी झाली तरी वेळ कमी होतो तो तिच्या वर्गमुळाने, म्हणजे दहानेच.