आणखी अकरा रात्री: क्रूझवरचं स्टेटस, नियम आणि मामांचा हिशोब

गेल्या महिन्यात मामांचा फोन आला. मामा निवृत्त आहेत, नाशिकला असतात आणि दर हिवाळ्यात दोन-अडीच महिने मुलाकडे फ्लोरिडाला जातात. तिथून क्रूझ स्वस्त पडते, म्हणून गेल्या काही वर्षांत दोघांनी बऱ्याच सफरी केल्या. मामा म्हणाले, "अगं, आता फक्त अकरा रात्री राहिल्यात. तेवढ्या झाल्या की वरचं कार्ड मिळतं. तुझी मामी नको म्हणतेय, गुडघे दुखतात म्हणे. तू यातच पीएचडी करतेस ना? जरा समजाव तिला."

फोन स्पीकरवर होता. मागून मामीचा आवाज आला, "तिला एवढंच विचारा, बोट बुडायला लागली तर वरच्या कार्डवाल्यांना आधी उतरवतात का?"

मी ग्राहकांच्या वागण्यावर संशोधन करते आणि लॉयल्टी प्रोग्रॅम हा माझ्या प्रबंधाचा एक भाग आहे. म्हणजे मामांनी फोन बरोबर माणसाला केला होता, अपेक्षा तेवढी चुकीची होती. पण मला खरं तर मामीचा प्रश्न जास्त आवडला. त्याकडे येऊच, आधी मामांच्या अकरा रात्री बघू.

मामांची कंपनी कुठली ते सोडून देऊ. उदाहरणासाठी रॉयल कॅरिबियनची शिडी घेऊ, कारण ती समजायला सोपी आहे. साध्या केबिनमध्ये एक रात्र म्हणजे एक पॉइंट, स्वीट घेतला तर दुप्पट. ३ पॉइंटला गोल्ड, ३० ला प्लॅटिनम, ५५ ला एमराल्ड, ८० ला डायमंड, १७५ ला डायमंड प्लस आणि ७०० ला पिनॅकल. गंमत बघा, सगळ्यात खालच्या पायरीचं नाव सोनं! तीन-चार रात्रींची एक छोटी सफर केली की तुम्ही गोल्ड. हाती फारसं काही पडत नाही, पण तुमची सुरुवात झालेली असते.

ही सुरुवात किती महत्त्वाची असते, यावर नून्स आणि ड्रेझ या दोन संशोधकांचा २००६ सालचा एक प्रयोग आहे. एका कार वॉशवर ग्राहकांना शिक्के मारायची कार्डं वाटली. अर्ध्या जणांच्या कार्डावर आठ रिकामी घरं होती, आठ शिक्के झाले की एकदा गाडी फुकट धुऊन मिळणार. उरलेल्यांच्या कार्डावर दहा घरं, पण त्यातल्या दोन घरांत आधीच शिक्का मारून दिलेला. दोघांनाही गाडी आठ वेळाच धुवायची होती. तरी पहिल्या गटातल्या १९ टक्के लोकांनी कार्ड पूर्ण केलं आणि दुसऱ्या गटातल्या ३४ टक्के लोकांनी. शून्यावर उभं असणं आणि वाटेत असणं यात माणसाला फार फरक वाटतो, अंतर तेवढंच असलं तरी.

दुसरी गोष्ट त्याहून जुनी. क्लार्क हल नावाच्या मानसशास्त्रज्ञाने १९३० च्या दशकात पाहिलं की बोळातून खाण्याकडे पळणारा उंदीर खाणं जवळ येईल तसा वेग वाढवतो. २००६ मध्ये किवेट्झ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तेच कॉफीच्या कार्डावर तपासलं. दहा कॉफी घेतल्या की एक फुकट. कार्ड भरत आलं की लोक कॉफी पटापट घ्यायला लागले, दोन कॉफींमधलं अंतर कमी झालं. आणि फुकटची कॉफी मिळून नवं कोरं कार्ड हातात आलं की वेग पुन्हा मंदावला.

आता "फक्त अकरा रात्री" हे शब्द परत वाचा. मामांना पहिल्या सफरीनंतर कुणी सांगितलं असतं की आणखी इतक्या इतक्या रात्री केल्या की हे मिळेल, तर ते हसले असते. अकरा उरल्यावर मात्र ते हिशोबात रात्री मोजतात, पैसे मोजत नाहीत. (मामांना उंदीर म्हणत नाहीये. मी स्वतः एका कॉफीवाल्याच्या कार्डासाठी नको असलेली कॉफी प्यायलेय.)

शिडीच्या पायऱ्यांमधलं अंतरही बघण्यासारखं आहे. गोल्ड ते प्लॅटिनम २७, त्यापुढे २५, मग पुन्हा २५. तोवर सवय लागते. मग ९५ आणि मग एकदम ५२५. शेवटची उडी साध्या केबिनमधून मारायची तर आठवड्याच्या ७५ सफरी लागतात. आणि तरी ती मारणारे लोक आहेत, पुष्कळ आहेत.

का मारतात? डायमंडला दिवसाला चार पेयं, वेगळं लाउंज, जहाजावर चढताना छोटी रांग वगैरे मिळतं. पण नीट पाहिलं तर या सवलती दोन जातीच्या आहेत. काही गोष्टींना कंपनीचा खरा खर्च येतो, जसं पेय, कपडे धुऊन देणं, भरपूर रात्रींनंतर एखादी फुकट सफर. आणि काहींना जवळपास काहीच खर्च येत नाही: आधी चढणं, आधी उतरणं, वेगळी रांग, कार्डाचा रंग. या दुसऱ्या जातीच्या सवलतीची किंमत कंपनी देत नाही, मागे थांबलेला माणूस देतो. तुम्ही दहा मिनिटं आधी चढलात म्हणजे दुसरं कुणीतरी नंतर चढलं. ड्रेझ आणि नून्स यांनीच २००९ मध्ये दाखवलं की वरच्या पायरीवर जितके कमी लोक, तितकं तिथल्यांना भारी वाटतं. आणि आपल्या खाली आणखी एक विशेष पायरी असली तर आणखीच भारी वाटतं.

मग मागे थांबलेल्याला काय वाटतं? जहाजांवर यावर मला हवा तसा अभ्यास सापडलेला नाही, विमानांवर मात्र आहे. डिसेलेस आणि नॉर्टन यांनी २०१६ मध्ये एका एअरलाइनच्या नोंदी तपासल्या. ज्या विमानात फर्स्ट क्लास होता, तिथे मागच्या वर्गात प्रवाशांनी धिंगाणा घालायचं प्रमाण जवळजवळ चौपट आढळलं. फर्स्ट क्लासमधून चालत जाऊन मागे बसावं लागलं तर ते आणखी वाढलं. या निष्कर्षावर इतर संशोधकांनी आकडेवारीच्या अंगाने आक्षेप घेतले आहेत, त्यामुळे मी तो ब्रह्मवाक्य म्हणून सांगत नाही. पण जहाज कंपन्यांना हा प्रश्न कळलेला दिसतो. नॉर्वेजियनचं 'द हेवन' किंवा एमएससीचं 'यॉट क्लब' म्हणजे जहाजातच वेगळं जहाज, त्यांचा पूल वेगळा, जेवणाची जागा वेगळी. ज्याला जास्त मिळतंय तो इतरांच्या नजरेला कमी पडावा, अशी ती रचना आहे.

आता नियमांकडे. बोटीवरच्या नियमांची यादी लांबलचक असते आणि प्रवासी ती सरसकट 'कटकट' या एकाच खात्यात टाकतात. मला वाटतं त्यात तीन वेगळ्या गोष्टी मिसळल्यात.

पहिली, धंद्याचे नियम. बऱ्याच अमेरिकन जहाजांवर चढताना मोठ्या माणशी वाइनची एकच बाटली नेता येते, बाकी दारू नाही. कारण उघड आहे, बार त्यांचा आहे. असा नियम कंपनी स्टेटसवाल्यासाठी सैल करू शकते, आणि चार फुकट पेयं म्हणजे एका परीने तेच.

दुसरी, सगळ्यांच्या सामायिक जागेचे नियम. इथे सगळ्यात मोठं भांडण पूलजवळच्या खुर्च्यांचं. सकाळी सातला टॉवेल टाकायचा, नाश्ता करून दहाला यायचं. आपल्याला यात नवीन काही नाही. एसटीच्या खिडकीतून रुमाल टाकून जागा धरलेली जनता आपण. समाजशास्त्रज्ञ गॉफमन यांनी अशा वस्तूंना 'मार्कर' म्हटलंय. माणूस तिथे नसतो, पण त्याचा हक्क तिथे बसलेला असतो, आणि अनोळखी लोक तो आश्चर्यकारकरीत्या मानतात. म्हणून नियम करावा लागतो. रॉयल कॅरिबियनवर ३० मिनिटं, कार्निव्हलवर ४० मिनिटं खुर्ची रिकामी राहिली तर कर्मचाऱ्यांनी सामान उचलायचं. कागदावर. प्रत्यक्षात ज्या पोराच्या कामाचं मोल प्रवाशांच्या खूश असण्यावर ठरतं, त्यानेच त्यांचा टॉवेल उचलायचा आहे. त्याने का उचलावा?

तिसरी, जिवाचे नियम. केबिनमध्ये इस्त्री नाही, किटली नाही, मेणबत्ती नाही. मामींची उदबत्ती पहिल्याच सफरीत बॅगेतून काढून घेतली होती, त्याचा राग अजून आहे. सकाळच्या चहासाठी नेलेली किटलीही गेली. बाल्कनीत सिगारेट ओढायला बहुतेक कंपन्या आता मनाई करतात. कुणाला वाटेल उगाच. २३ मार्च २००६ च्या पहाटे 'स्टार प्रिन्सेस' हे जहाज जमैकाकडे चाललं होतं. एका बाल्कनीत आग लागली. तपासाचा निष्कर्ष असा की बहुधा कुणीतरी टाकलेल्या सिगारेटच्या थोटकाने. बाल्कन्यांमधली पार्टिशनं आणि फर्निचर प्लॅस्टिकचं होतं, आग भराभर वरच्या डेकवर चढली, धुराने एक प्रवासी गेला. त्यानंतर बाल्कनीत कुठलं साहित्य चालेल याचे आंतरराष्ट्रीय नियमच बदलले.

आणि मस्टर ड्रिल. म्हणजे धोक्याचा भोंगा झाला (सात छोटे, एक लांब) तर कुठे जमायचं, लाइफ जॅकेट कसं घालायचं याची तालीम. पूर्वी प्रवासी चढल्यापासून २४ तासांच्या आत ती घेतली की चालायचं. १३ जानेवारी २०१२ ला 'कोस्टा कॉन्कॉर्डिया' इटलीच्या जिल्यो बेटाजवळ खडकावर आपटलं. जहाजावर ४,२०० हून जास्त माणसं होती, ३२ मेली. त्याच संध्याकाळी चिविटावेकियाला चढलेल्या सुमारे सातशे जणांची तालीम झालीच नव्हती. ती दुसऱ्या दिवशी व्हायची होती, म्हणजे नियमाप्रमाणे सगळं बरोबर होतं! नंतर 'सोलास' या सागरी सुरक्षेच्या आंतरराष्ट्रीय करारात दुरुस्ती झाली. १ जानेवारी २०१५ पासून तालीम जहाज सुटण्याआधी किंवा सुटल्या सुटल्या घ्यावी लागते. हल्ली बरीच जहाजं फोनवर व्हिडिओ दाखवतात आणि मग तुम्ही आपल्या जागी जाऊन कार्ड स्कॅन करून यायचं. ज्यांनी केलं नाही त्यांच्या नावाचा पुकारा होतो, नाहीच ऐकलं तर उतरवूनही देऊ शकतात. सातशे रात्री केलेला पिनॅकलवालाही यातून सुटत नाही. त्याला ती तालीम तोंडपाठ असते, तरी जावं लागतं.

आता मामीचा प्रश्न. काही बंदरांत मोठं जहाज धक्क्याला लागत नाही, बाहेर नांगर टाकतं आणि प्रवाशांना छोट्या टेंडर बोटींनी किनाऱ्यावर नेतात. या बोटीत आधी कोण बसणार, हे स्टेटसवर ठरू शकतं. स्वीटवाले आणि वरच्या कार्डवाले आधी, बाकीचे नंबर घेऊन लाउंजमध्ये बसतात. बऱ्याच जहाजांवर या टेंडर बोटी म्हणजे जहाजाच्या लाइफबोटीच असतात, रोजच्या कामाला वापरलेल्या. सकाळी त्याच बोटीत कार्डाच्या रंगाप्रमाणे चढतात. रात्री धोक्याचा भोंगा झाला तर कुठे जमायचं ते केबिनवरून ठरलेलं असतं, तुमच्या कार्डावर छापलेलं असतं, आणि तिथे रात्री कुणी मोजत नाही.

तर नाही मामी, आधी उतरवत नाहीत.

मामांना मी वेगळं सांगितलं. क्रूझचं स्टेटस परंपरेने आयुष्यभराचं असतं. विमान कंपन्यांसारखं दरवर्षी पुन्हा कमवावं लागत नाही, म्हणून लोक ते निवृत्तीच्या ठेवीसारखं जमवतात. पण ती ठेव नाही, नियम कंपनीच्या हातात आहेत. जून २०२५ मध्ये कार्निव्हलने जाहीर केलं की त्यांचा रात्रींवर चालणारा प्रोग्रॅम जाऊन खर्चावर चालणारा येणार आणि स्टेटस ठरावीक काळाने टिकवावं लागणार. जुने लोक भडकले. त्यात नवल नाही: वॅगनर आणि सहकाऱ्यांनी २००९ मध्ये दाखवलंय की स्टेटस मिळून गेलेला ग्राहक, ते कधीच न मिळालेल्या ग्राहकापेक्षा कंपनीपासून जास्त दूर जातो. शिवाय स्टेटस कंपनीशी बांधलेलं असतं, जहाजाशी नाही. मुंबईहून गोव्याला जाणारं कॉर्डेलियाचं 'एम्प्रेस' पूर्वी रॉयल कॅरिबियनचंच होतं. आज त्यावर झोपून तिकडचा एक पॉइंटही मिळणार नाही.

मग आम्ही फोनवरच हिशोब मांडला. अकरा रात्रींचं दोघांचं भाडं, टिप्स, बंदरांचे कर एका बाजूला. दुसऱ्या बाजूला वरच्या कार्डाच्या सवलती, पण कंपनी सांगते त्या किमतीला नाही. मामा स्वतः खिशातून किती देतील, त्या किमतीला. मामा दिवसाला एक बिअर घेतात. मामी लिंबू सोडा. लाउंज? "गर्दी असते म्हणतात." आधी चढणं? "आम्ही तसेही दुपारी निवांत जातो." कागदावर उजवी बाजू बराच वेळ रिकामी राहिली.

"पण अकराच राहिल्यात गं," मामा म्हणाले.

"मामा, ती पायरी झाली की पुढची किती रात्रींवर आहे?"

त्यांनी फोनवर ॲप उघडून पाहिलं. आकडा काही मला सांगितला नाही. मामी मागून म्हणाली, "किटली नेऊ देत असतील तर येईन म्हणावं."