अंगावर कोड आणि रिपोर्टमध्ये थायरॉईड: या दोघांचा संबंध काय?

अंगावर पांढरा डाग दिसला की घरात दोन प्रश्न हमखास येतात. 'दुधावर मासे खाल्लेस का?' आणि 'आता लग्नाचं कसं होणार?' तिसरा प्रश्न त्वचेचे डॉक्टर विचारतात: 'थायरॉईडची टेस्ट केली आहे का?'

हा तिसरा प्रश्न ऐकून अनेक जण गोंधळतात. डाग त्वचेवर आणि थायरॉईडची ग्रंथी गळ्यात, मग एकाचा दुसऱ्याशी संबंध कसा?

थोडक्यात सांगायचं तर थायरॉईडमुळे कोड होत नाही आणि कोडामुळे थायरॉईडही होत नाही. पण दोन्हींच्या मागे शरीरातली एकाच प्रकारची गडबड असू शकते. म्हणूनच कोड असलेल्यांनी ही टेस्ट करून घेणं महत्त्वाचं ठरतं.

कोड नेमकं कशामुळे होतं?

आपल्या त्वचेत मेलॅनोसाईट नावाच्या पेशी असतात. त्या मेलॅनिन हे रंगद्रव्य तयार करतात आणि त्यातून त्वचेला रंग मिळतो. कोडामध्ये शरीराची रोगप्रतिकारक शक्ती या पेशींनाच शत्रू समजते आणि त्यांना मारून टाकते. जिथल्या पेशी संपतात, तिथे पांढरा डाग दिसतो.

जंतूंशी लढण्यासाठी असलेली यंत्रणा स्वतःच्याच शरीरावर उलटते, तेव्हा त्या आजारांना ऑटोइम्यून आजार म्हणतात. कोड हा त्यातलाच एक. तो संसर्गजन्य नाही. हात लावल्याने, एका ताटात जेवल्याने किंवा एकमेकांचे कपडे वापरल्याने तो पसरत नाही. कुष्ठरोगाशीही त्याचा काही संबंध नाही. कुष्ठरोग जंतूमुळे होतो आणि त्यात डागावरची संवेदना कमी होते. कोडाच्या डागावर स्पर्श नेहमीसारखाच कळतो. आणि हो, दूध-मासे एकत्र खाल्ल्याने कोड होतं, याला कोणताही वैज्ञानिक पुरावा नाही.

मग थायरॉईड मध्येच कुठून आलं?

थायरॉईड ही गळ्याच्या पुढच्या भागातली फुलपाखराच्या आकाराची छोटी ग्रंथी. शरीर ऊर्जा किती वेगाने वापरणार, हे तिची हार्मोन्स ठरवतात.

या ग्रंथीवरही रोगप्रतिकारक शक्ती हल्ला करू शकते. हाशिमोटो या आजारात ग्रंथी हळूहळू निकामी होते आणि हार्मोन कमी पडतं. जपानी डॉक्टर हाकारू हाशिमोटो यांनी १९१२ मध्ये या आजाराचं वर्णन केलं, म्हणून त्याला त्यांचं नाव मिळालं. ग्रेव्हज या आजारात उलट होतं. ग्रंथीला सतत चालना मिळत राहते आणि हार्मोन जास्त तयार होतं.

म्हणजे एकीकडे लक्ष्य त्वचेतल्या पेशी आणि दुसरीकडे गळ्यातली ग्रंथी, पण हल्ला करणारी यंत्रणा एकच. अशा आजारांचा धोका वाढवणारी काही जनुकंही दोन्हींत सारखी आढळली आहेत. त्यामुळे एक ऑटोइम्यून आजार असलेल्या व्यक्तीला दुसरा होण्याची शक्यता इतरांपेक्षा जास्त असते.

अनेक देशांतले अभ्यास एकत्र करून पाहिले, तेव्हा कोड असलेल्यांपैकी साधारण १५ टक्के लोकांना थायरॉईडचा आजार असल्याचं दिसलं. याचा दुसरा अर्थही लक्षात घ्या: बहुतेकांना तो नसतो. त्यामुळे घाबरण्याचं कारण नाही, तपासून घेण्याचं मात्र आहे.

शरीराच्या एकाच बाजूच्या एखाद्या पट्ट्यात डाग येतात, तो कोडाचा वेगळा प्रकार असतो. त्यात थायरॉईडशी असलेला संबंध बराच कमी दिसतो.

कोणती टेस्ट करायची?

सुरुवात टीएसएच या रक्ततपासणीने होते. गरज वाटल्यास डॉक्टर टी-३, टी-४ आणि अँटी-टीपीओ या तपासण्या सांगतात. अँटी-टीपीओ पॉझिटिव्ह आली, तर थायरॉईडविरुद्ध शरीरात अँटिबॉडीज तयार होत आहेत, असं कळतं. पण टीएसएच नॉर्मल असेल, तर तेवढ्यावरून लगेच गोळी सुरू होईलच असं नाही. अनेकदा फक्त लक्ष ठेवलं जातं.

इथे दोन गोष्टी विसरू नका.

पहिली, बऱ्याच जणांमध्ये डाग आधी येतात आणि थायरॉईडचा त्रास काही वर्षांनी सुरू होतो. त्यामुळे एकदा रिपोर्ट नॉर्मल आला म्हणजे विषय संपला, असं होत नाही. पुन्हा कधी तपासायचं, ते डॉक्टरांना विचारून ठेवा.

दुसरी, केस आणि त्वचेसाठी बायोटिनच्या गोळ्या घेत असाल, तर टेस्टआधी डॉक्टरांना सांगा. काही पद्धतींच्या तपासणीत बायोटिनमुळे थायरॉईडचा रिपोर्ट चुकीचा येऊ शकतो. टेस्टच्या किमान दोन दिवस आधी ते बंद ठेवायला सांगितलं जातं.

कोणत्या लक्षणांकडे लक्ष द्यायचं?

हार्मोन कमी असेल तर सतत थकवा, वजन वाढणं, थंडी सहन न होणं, बद्धकोष्ठता, केस गळणं, पाळीत बदल. जास्त असेल तर छातीत धडधड, हात थरथरणं, वजन उतरणं, खूप घाम येणं.

अडचण अशी की ही लक्षणं 'टेन्शनमुळे होतंय' म्हणून सोडून दिली जातात. कोड असलेल्या मुलींच्या बाबतीत तर घरच्यांचं सगळं लक्ष डाग लपवण्याकडे आणि स्थळांकडे लागलेलं असतं. सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांनी २००६ मध्ये 'नितळ' या चित्रपटातून कोडाकडे पाहण्याची हीच नजर दाखवली होती. पुण्यात डॉ. माया तुळपुळे यांची 'श्वेता असोसिएशन' ही संस्था कोड असलेल्यांसाठी काम करते.

पण या सगळ्यात रक्ताची साधी तपासणी मागे पडली, तर नुकसान मोठं असतं. उपचार न केलेल्या थायरॉईडमुळे गर्भधारणेत अडचणी येऊ शकतात, गर्भपाताचा धोका वाढतो. म्हणून बाळाचा विचार करत असाल, तर टेस्ट आधीच करून घ्या.

थायरॉईडच्या गोळीने डाग जातील का?

ती अपेक्षा ठेवू नका. गोळी हार्मोनची कमतरता भरून काढते, त्वचेतला रंग परत आणत नाही. पण डाग गेले नाहीत म्हणून ती स्वतःच्या मनाने बंदही करू नका.

डागांवर वेगळे उपचार आहेत. डॉक्टरांच्या देखरेखीखाली लावायची मलमं आणि ठराविक किरणांची फोटोथेरपी त्यात येते. डाग वाढायचे थांबले असतील, तर काही जणांवर त्वचारोपणाची शस्त्रक्रियाही करता येते. २०२२ मध्ये अमेरिकेत रुक्सोलिटिनिब या क्रीमला कोडासाठी मंजुरी मिळाली. रीलमध्ये पाहून बावचीचं तेल लावून उन्हात बसणं मात्र टाळा. त्यातल्या घटकांमुळे त्वचा उन्हाला संवेदनशील होते आणि भाजल्यासारखे फोड येऊ शकतात.

तुमच्या ओळखीत कुणाला कोड असेल, तर पुढच्या वेळी घरगुती उपाय सुचवण्याऐवजी एवढंच विचारा: थायरॉईड तपासलं का?

(ही माहिती सर्वसामान्य वाचकांसाठी आहे. तपासणी आणि औषधांबाबतचा निर्णय डॉक्टरांच्या सल्ल्यानेच घ्या.)